मोठ्या टाकीला आधी विरजण लावा



आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा वर्गात एखादी छोटी फिशटँक असते. मासे वाढतात, टाकी अपुरी पडायला लागते, आणि मग कुणाच्या तरी वाढदिवसाला किंवा दिवाळीच्या सुट्टीत मोठी टाकी येते. सकाळी टाकी आली, दुपारी धुतली, संध्याकाळी नळाचं पाणी भरलं आणि रात्री मासे सोडले, असा साधारण क्रम असतो. पहिले दोन दिवस सगळं छान. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करायला लागतात. आठवडा संपेपर्यंत एखादा मासा उलटा होऊन तरंगतो, मग दुसरा. आणि मुलं आपल्याला विचारतात, "पाणी तर एकदम स्वच्छ होतं. टाकी पण मोठी होती. मग मासे मेले कसे?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर विज्ञानात आहे आणि ते सहावी-सातवीच्या मुलांना सहज समजतं. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आम्ही तीन गोल्डफिश छोट्या टाकीतून मोठ्या टाकीत हलवले. त्यासाठी जुलै आणि ऑगस्ट असे जवळजवळ दोन महिने लागले. त्या अनुभवावरून हा लेख लिहिते आहे. घरी करून बघायचं असेल तर पालकांनाही उपयोगी पडेल.

स्वच्छ पाणी म्हणजे सुरक्षित पाणी नव्हे

मासा पाण्यातच खातो, पाण्यातच श्वास घेतो आणि पाण्यातच घाण करतो. त्याच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर पडतो, आणि त्यातला बराचसा भाग कल्ल्यांवाटे पडतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजली की आणखी अमोनिया तयार होतो. या अमोनियाला रंग नाही. पाणी आरशासारखं नितळ दिसत असतं आणि त्यातच माशाचे कल्ले भाजत असतात.

मग नदीत, तळ्यात मासे जगतात कसे? तिथे पाणी भरपूर असतं, वनस्पती असतात, आणि मुख्य म्हणजे दगडांवर, गाळात, शेवाळावर अब्जावधी जिवाणू असतात. त्यांतले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. त्याने रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते. मग दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मात्र माशांना बऱ्याच प्रमाणात सोसतं. थोडं थोडं पाणी बदलत राहिलं की तेही आटोक्यात राहतं. हे काम जिवाणू करतात हे सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं.

आपल्या शेतकरी पालकांना हे समजावणं सर्वांत सोपं जातं, कारण शेतात तेच घडतं. युरिया टाकला की मातीत त्याचा अमोनिया होतो, आणि मातीतले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. पीक नायट्रोजन घेतं तो बराचसा या नायट्रेटच्या रूपात. ताजं शेण कुणी थेट पिकाच्या मुळाशी घालत नाही, आधी उकिरड्यात कुजवतो. तेच इथे.

आता नव्या टाकीचा विचार करा. काच नवी, वाळू धुतलेली, फिल्टर नवाकोरा. तिथे हे जिवाणू जवळजवळ नाहीतच. ते मुख्यतः पाण्यात तरंगत नसतात, ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर, काचेवर. त्यांची वस्ती पुरेशी व्हायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. त्याआधी मासे सोडले तर घाण करणारे आले आणि साफ करणारे अजून यायचेत, अशी गत होते. मोठ्या टाकीत पाणी जास्त असल्यामुळे विष साठायला थोडा जास्त वेळ लागतो, एवढाच काय तो फायदा.

टाकी कुठे ठेवायची: घनफळाचा धडा

आमची जुनी टाकी ४५ सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, आणि पाणी २५ सेंमी उंचीपर्यंत. मुलांनी गुणाकार केला: २८,१२५ घन सेंमी, म्हणजे सुमारे २८ लिटर. त्यात फिल्टर नव्हता, फक्त हवेचा दगड होता. दर आठवड्याला दोनदा पाणी बदलून आम्ही निभावून नेत होतो. पण गोल्डफिश हा लहान मासा नाही. चीनमध्ये सुमारे हजार वर्षांपूर्वीपासून माणसाने कार्प जातीच्या माशातून तो निवडून निवडून वाढवला. साधा गोल्डफिश वीस सेंमीच्या पुढे वाढू शकतो, आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. गोल भांड्यात तो दोन-चार महिन्यांत मरतो, म्हणून आपल्याला वाटतं की त्याचं आयुष्यच तेवढं.

एका माजी विद्यार्थ्याने शाळेला ९० × ४० × ४५ सेंमीची टाकी दिली. पाणी ४० सेंमीपर्यंत भरायचं ठरवलं, तर १४४ लिटर. मग मी फळ्यावर लिहिलं: "१ लिटर पाणी = १ किलो." मुलांनी आकडा मांडला आणि वर्ग गप्प झाला. पाणी १४४ किलो, काच तीसेक किलो, खडे पंधरा किलो. एकूण जवळजवळ १९० किलो! "बाई, म्हणजे आपल्या वर्गातली चार-पाच पोरं एकावर एक," एकाने हिशेब सांगितला. त्यानंतर टाकी बाकावर ठेवूया असं कुणी म्हणालं नाही. लोखंडी स्टँड आणला, लेव्हल बघितली, काचेखाली थर्माकोलचा पत्रा घातला.

जागा निवडताना या गोष्टी बघा:

- थेट ऊन नको. उन्हाने पाणी तापतं आणि शेवाळही माजतं. २० अंश सेल्सिअसला पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशाला साडेसातच्या आसपास.
- उंच टाकीपेक्षा लांब-रुंद टाकी बरी. हवा पाण्यात शिरते ती वरच्या पृष्ठभागातून.
- भरलेली टाकी कधीही सरकवू नका. काचेचे जोड सुटतात.
- विजेची वायर आधी खाली लोंबू द्या आणि मग प्लगकडे वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये जाणार नाही. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचाच. मुलांसाठी हा नियम मोठ्या अक्षरात लिहून लावा.

शाळांसाठी एक खास सूचना. शाळा सुटली की मेन स्विच खाली करायची आपल्या सगळ्यांना सवय असते, आणि ती चांगलीच आहे. पण फिल्टरला चोवीस तास वीज लागते. स्पंजवरच्या जिवाणूंनाही प्राणवायू हवा असतो. पाणी फिरायचं थांबलं की काही तासांनी ते मरायला लागतात. आम्ही वायरमनकडून टाकीपुरती वेगळी लाईन घेतली. वीज गेली तर मगने पाणी उचलून थोड्या उंचीवरून परत टाकीत ओतायचं, हे मुलांना शिकवून ठेवलं.

नळाच्या पाण्याचं काय करायचं?

आपल्या गावात पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात. त्यातला क्लोरिन आपल्यासाठी चांगला, कारण तो जंतू मारतो. पण तो माशाच्या कल्ल्यांना इजा करतो, आणि आपल्याला हवे असलेले जिवाणूही मारतो. म्हणून नळाचं पाणी सरळ टाकीत ओतायचं नाही. उघड्या पिंपात २४ तास ठेवायचं. त्यात एअर पंपाची नळी सोडली तर क्लोरिन आणखी लवकर उडून जातो.

तो खरंच गेला का, हे कसं कळणार? ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक ओटी टेस्ट करतात, हे मुलांनी नळावर पाहिलं होतं. आम्ही त्यांना शाळेत बोलावलं. त्यांनी स्वतः दोन नळ्यांत औषधाचे थेंब टाकून दाखवले. ताजं पाणी पिवळं झालं, कालचं पाणी तसंच राहिलं. दहा मिनिटांचा तास, पण मुलं ते विसरणार नाहीत. (ते रसायन मुलांच्या हातात देऊ नका.)

काही शहरांत क्लोरिनऐवजी क्लोरॅमिन वापरतात. ते पाणी नुसतं उघडं ठेवून भागत नाही. तिथे फिशटँकच्या दुकानात मिळणारे अँटी-क्लोरिनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात वापरा.

बोअरचं पाणी असेल तर आणखी एक काळजी. असं पाणी बऱ्याचदा जड आणि अल्कधर्मी असतं. पाण्याचा सामू ७ वरून ८ झाला की तितक्याच अमोनियातला विषारी भाग साधारण दहापट होतो. आणि जुन्या टाकीतलं पाणी एक प्रकारचं आणि नव्यातलं दुसऱ्या प्रकारचं असेल, तर माशाला अचानक धक्का बसतो. शक्यतो दोन्हीकडे एकाच ठिकाणचं पाणी वापरा.

विरजण

दूध नुसतं ठेवलं तर नासतं. चमचाभर दही घातलं, भांडं उबेला ठेवलं आणि ढवळाढवळ केली नाही, तर सकाळी दही लागतं. नव्या टाकीचं नेमकं तसंच आहे. मी वर्गात एवढंच सांगितलं आणि पुढचं मुलांनीच ओळखलं: "म्हणजे जुन्या टाकीतलं काहीतरी नव्या टाकीत घालायचं!"

काय घालायचं, यावर चर्चा झाली. बहुतेकांचं मत जुनं पाणी. पण आपण पाहिलं की जिवाणू मुख्यतः पृष्ठभागाला चिकटलेले असतात. म्हणून आम्ही जुन्या टाकीच्या तळाचे दोन मुठी खडे घेतले, न धुता, ओले असतानाच. एका जुन्या पातळ कापडाच्या पुरचुंडीत ते बांधले आणि नव्या टाकीत फिल्टरजवळ लटकवले. हे आमचं विरजण.

पण जिवाणूंना खायला काय? टाकीत मासे नाहीत, म्हणजे अमोनियाही नाही. म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या टाकीत टाकायचं. ते कुजतं, त्यातून अमोनिया होतो, आणि त्यावर जिवाणूंची वस्ती वाढते. नसलेल्या माशांना रोज जेवण वाढायचं, याची मुलांना फार गंमत वाटली. वाढप्यांची पाळी लागली.

तुमच्या जुन्या टाकीत आधीपासून स्पंज फिल्टर चालू असेल, आणि तो काही महिने जुना असेल, तर तुमचं काम खूपच सोपं आहे. मासे तेच, घाण तेवढीच, म्हणून तोच फिल्टर त्याच दिवशी ओलाच उचलून नव्या टाकीत लावा. तो नळाखाली धुऊ नका. मळला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. नवा मोठा फिल्टर घ्यायचा असेल तर तो महिनाभर आधी जुन्या टाकीतच जुन्या फिल्टरशेजारी चालवा आणि मग दोन्ही हलवा.

दिसत नाही ते आहे, हे कसं कळतं?

हा प्रश्न सातवीतल्या एका मुलाने विचारला. त्याच्याबद्दल थोडं सांगते. त्याच्या घरी दोन वर्षांत दोनदा मासे आणले होते आणि दोन्ही वेळा आठवड्याभरात मेले होते. टाकी नवी होती, पाणी ताजं होतं. पाळीच्या यादीत नाव घालताना तो म्हणाला, "बाई, माझं नाव नको. मला मासे लाभत नाहीत." घरातल्या कुणीतरी सहज बोललेलं वाक्य असेल, पण त्याने ते मनाशी धरलं होतं. टाकीचं मोजमाप करायची वही मी त्याच्याकडे दिली.

तपासणीची किट बाजारात मिळते. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. आमच्या किटमध्ये अमोनिया नसेल तर पिवळा आणि असेल तर हिरवा, नायट्राइट नसेल तर निळा आणि असेल तर जांभळा. दर तिसऱ्या दिवशी तो मुलगा आणि त्याचे दोन सोबती रंग बघायचे आणि आलेखाच्या कागदावर टिंब द्यायचे.

दुसऱ्या आठवड्यात अमोनियाचा रंग हिरवा झाला. तिसऱ्यात नायट्राइट दिसायला लागलं, म्हणजे पहिल्या प्रकारचे जिवाणू कामाला लागले होते. पाचव्या आठवड्यात अमोनिया परत पिवळ्यावर आला, पण नायट्राइट मात्र गडद जांभळं. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू सावकाश वाढतात, त्यामुळे हा टप्पा लांबतो. आलेखावर आधी एक टेकडी, ती उतरत असताना तिच्या शेजारी दुसरी टेकडी चढत गेलेली. त्या मुलाने दोन टेकड्यांकडे बघून विचारलं, "मग आमच्या घरचे मासे या पहिल्या टेकडीत मेले की दुसऱ्या?" मी म्हटलं, तारखा आठवतात का बघ. त्याने घरी आईला विचारून मोजलं. चौथा, पाचवा आणि सहावा दिवस. त्याने पहिल्या टेकडीच्या चढावर पेन्सिलने बारीक फुली केली. त्यानंतर "लाभत नाहीत" हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत.

पंधरा ऑगस्टची घाई

पाचवा आठवडा संपता संपता स्वातंत्र्यदिन आला. झेंडावंदनाला पाहुणे येणार, पालक येणार, टाकी देणारा माजी विद्यार्थीही येणार. शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका सदस्यांनी प्रेमानेच आग्रह धरला, "बाई, पाणी काचेसारखं दिसतंय. आता कशाची वाट बघताय? त्या दिवसापुरते सोडा की मासे!" दुसऱ्या कुणी सुचवलं, शहरातून दहा-बारा रंगीत मासे आणूया, टाकी भरलेली दिसेल.

आपल्या सगळ्यांवर असा दबाव कधी ना कधी येतोच. कार्यक्रमाच्या दिवशी सगळं तयार दिसावं, ही अपेक्षा चुकीचीही नसते. मी मुलांपुढे विषय मांडला आणि वही समोर ठेवली. नळी त्या दिवशीही जांभळीच होती. मतदान घ्यायची वेळच आली नाही.

पंधरा ऑगस्टला टाकी बिनमाशांचीच राहिली. शेजारी आलेख लावला, आणि पाहुणे आले की तो मुलगा हातात पट्टी घेऊन दोन टेकड्या समजावून सांगत होता. एका आजोबांनी शेवटी विचारलं, "म्हणजे बाळा, तुम्ही टाकीत पाणी मुरवताय?" तो म्हणाला, "हो आजोबा, लोणच्यासारखं." आग्रह करणारे सदस्यही तिथे उभे राहून ऐकत होते.

तेवीस ऑगस्टला दोन्ही नळ्या स्वच्छ आल्या: एक पिवळी, एक निळी. चिमूटभर खाणं टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासलं, तरी तेच. याचा अर्थ रोज तयार होणारा अमोनिया पूर्ण पचत होता. मग आम्ही टाकीतलं निम्मं पाणी, म्हणजे ७२ लिटर, काढून त्या जागी मुरवून ठेवलेलं पाणी भरलं, कारण इतक्या दिवसांत नायट्रेट साठलेलं असतं. काढलेलं पाणी परसबागेतल्या मेथी-पालकाला घातलं. पिकांना ते मानवतं.

हलवण्याचा दिवस

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, आम्ही मासे हलवले. तुम्ही करणार असाल तर हा क्रम ठेवा:

१. आदल्या दिवशी खायला घालू नका. पोट रिकामं असलं की हलवताना पाणी घाण होत नाही. धडधाकट गोल्डफिशला एक-दोन दिवसांचा उपास काही करत नाही.

२. दोन्ही टाक्यांचं तापमान थर्मामीटरने मोजा. फरक एक-दोन अंशांपेक्षा जास्त नको. आमच्याकडे छोटीत २६ आणि मोठीत २५ होतं.

३. मासा जाळीने पाठलाग करून पकडू नका. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं संरक्षण आहे, तो खरवडला जातो. जुन्या टाकीतलं पाणी कमी करा आणि रुंद तोंडाच्या भांड्यात त्याला पाण्यासकट घ्या.

४. ते भांडं नव्या टाकीत पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा. मग दर पाच-सात मिनिटांनी नव्या टाकीतलं अर्धी वाटी पाणी त्यात घाला. भांड्यातलं पाणी साधारण दुप्पट झालं की माशाला नव्या पाण्याची ओळख झाली. यात पाऊण तास जातो.

५. मग भांडं अलगद तिरकं करा आणि माशाला स्वतःहून बाहेर पडू द्या.

६. जुन्या टाकीतले उरलेले खडेही पुरचुंडीत बांधून नव्या टाकीत ठेवा. विरजण जितकं जास्त तितकं बरं.

७. दिवा बंद ठेवा. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे उजेडापासून त्याला सुटका नाही. वरती झाकण लावा. नव्या जागी घाबरलेला मासा उडी मारतो.

दुकानातून लांबच्या प्रवासाने आणलेल्या माशांच्या बाबतीत चौथी पायरी थोडक्यात आटपा. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने पाणी आम्लधर्मी झालेलं असतं, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी बाधतो. पिशवी उघडून तासभर रेंगाळलं तर तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. तापमान जुळवा, आणि उघडल्यावर मासा लवकर हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

पहिले तीन आठवडे

आमचे सोन्या, ढब्बू आणि चिंगी तिघेही पहिला दिवस कोपऱ्यात बसून होते. मुलांना वाटलं, ते नाराज आहेत. दुसऱ्या दिवशी अगदी थोडं खाणं दिलं. तिसऱ्या दिवशी अमोनियाच्या नळीला पुसटशी हिरवी छटा आली. तीन मासे चिमूटभर खाण्यापेक्षा जास्त अमोनिया करतात, त्यामुळे जिवाणूंची संख्या वाढायला वेळ लागतो. चौथा हिस्सा पाणी बदललं, खाणं निम्मं केलं. चार दिवसांनी नळी पुन्हा पिवळी.

तुम्ही रोज ही लक्षणं बघा: वर येऊन धापा टाकणं, पंख अंगाला चिकटवून ठेवणं, कल्ले लालभडक दिसणं, तळाशी निपचित बसणं. यातलं काही दिसलं तर आधी हवा वाढवा, मग सारख्याच तापमानाचं, क्लोरिन गेलेलं पाणी घेऊन चौथा ते अर्धा हिस्सा पाणी बदला. औषधांच्या बाटल्यांमागे लगेच धावू नका. सुरुवातीच्या काळातलं बरंचसं दुखणं पाण्याचं असतं.

खाणं दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच. टाकी मोठी दिसते म्हणून लगेच नवे मासे आणून भरू नका. एका वेळी एकच, आणि दोघांमध्ये काही आठवड्यांचं अंतर. नवा मासा आधी रिकाम्या झालेल्या छोट्या टाकीत तीन आठवडे वेगळा ठेवा, म्हणजे रोग आला असेल तर तिथेच कळेल.

आणि एक कळकळीची विनंती. मासे जास्त झाले किंवा नकोसे झाले, तर त्यांना गावच्या तळ्यात, विहिरीत, नदीत सोडू नका. आपल्याला ती दया वाटते, पण परदेशी मासे इथल्या माशांचं खाणं आणि जागा बळकावतात. टाकी साफ करायला म्हणून आणलेला सकर मासा आज भारतातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. त्याऐवजी दुसऱ्या शाळेला द्या.

वर्गात आणि घरी काय करता येईल

या एका उपक्रमात घनफळ, वजन, तापमान, आलेख, सूक्ष्मजीव, नायट्रोजनचं चक्र आणि क्लोरिन हे सगळं येऊन गेलं. भाषेच्या तासाला मुलांनी "रिकाम्या टाकीचे आत्मवृत्त" लिहिलं, आणि ते नेहमीच्या फाटक्या पुस्तकाच्या आत्मवृत्तापेक्षा कितीतरी जिवंत झालं, कारण त्यांनी ती टाकी रोज पाहिली होती.

पालकांना एवढंच सांगते. मुलाला वाढदिवसाला मोठी टाकी द्यायची असेल तर जरूर द्या. फक्त टाकी वाढदिवसाला द्या आणि मासे दीड महिन्याने. मधल्या काळात त्याच्या हातात वही, थर्मामीटर आणि रंगाचा तक्ता द्या. मूल रोज विचारेल, "झालं का?" त्याला नळी दाखवा आणि रंग त्यालाच ओळखू द्या.

तुमच्या वर्गात किंवा घरी हा प्रयोग केलात तर तुमच्याकडच्या पाण्यात किती आठवडे लागले ते जरूर कळवा. कोकणातलं विहिरीचं पाणी, मराठवाड्यातलं बोअरचं पाणी आणि शहरातलं नळाचं पाणी यांत फरक पडणारच. मुलांना ते आलेख शेजारी शेजारी लावून बघायचे आहेत.